डाव्या बाजूचा माणूस

‘‘हात मागं! आप्पा, हात मागं घ्या!’’

मी ओरडले तेव्हा राजदूतचं पुढचं चाक वरच्या दगडावर चढलं होतं आणि मागचं चढायच्या बेतात होतं. मी दोन्ही फूटरेस्टवर उभी होते, क्लच दोन बोटांत अर्धा दाबलेला, नजर वरच्या लाल झेंडीवर. गाडी डावीकडे झुकली. झुकतेच ती. वजन उजव्या पायावर टाकलं की पुन्हा सरळ होते, फक्त त्याला एक क्षण लागतो. तो क्षण मला मिळाला नाही. आप्पांनी मागच्या मडगार्डखालचा पाइप दोन्ही हातांनी गच्च धरला आणि गाडी, मी आणि माझी सगळी सकाळ जागच्या जागी थांबली.

काठावर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापाने पोरीला वाचवलं म्हणून.

सुभेदार शिंत्रे समोरच्या धोंड्यावर बसून होते. त्या सेक्शनचे पंच तेच. त्यांनी उजवा हात वर केला आणि पाची बोटं पसरली.

‘‘बाहेरची मदत. पाच.’’

‘‘अवो, पडालती की पोरगी!’’ आप्पा म्हणाले. पाइप अजून सोडला नव्हता.

‘‘पडली असती तरी पाचच झाले असते, मिस्त्री,’’ सुभेदार म्हणाले आणि त्यांनी माझ्या कार्डावर पाचचा आकडा लिहिला. त्यांचं अक्षर सुरेख होतं. मला त्या सुरेख अक्षराचाही राग आला.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते. वडगावच्या पुढे एक बंद पडलेली दगडाची खण आहे, तिथे आमच्याकडच्या काही हौशी लोकांनी ट्रायल्स ठेवल्या होत्या. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. कुणी कुणाला मागे टाकत नाही, घड्याळ कुणी बघत नाही. दगडधोंड्यांतून चुन्याच्या फक्कीने आखलेला चाळीस-पन्नास पावलांचा तुकडा असतो, त्याला सेक्शन म्हणायचं. त्यातून गाडी न थांबवता, पाय न टेकवता बाहेर काढायची. पाय एकदा टेकला की दंडाचा एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याच्यापुढे कितीही टेकवा, तीन. गाडी पडली, थांबली किंवा कुणी हात लावला की पाच. आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो पहिला. असे सहा सेक्शन, दोन फेऱ्या.

पाय टेकवला की दंड, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. कारण माझा डावा पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड आहे. आठव्या वर्षी तो मोटरसायकलखाली सापडला. जमिनीवर मी अशी चालते की, लांबून बघणाऱ्याला वाटावं ही बाई दर पावलाला कुणाला तरी नमस्कार करते आहे. तेव्हापासून लोकांनी मला धरलंच आहे. एसटीत चढताना कंडक्टर दंड धरायचा, देवळाच्या पायरीवर अनोळखी बाया कोपर धरायच्या, कॉलेजात एका मास्तरांनी तर भर वर्गात ‘‘अरे, तिला धरा कुणीतरी’’ म्हणून हाक दिली होती. मी फळ्याकडे निघाले होते, विहिरीकडे नव्हे.

आमचं गॅरेज उद्यमनगरात. आप्पांचं नाव हिंदुराव मिस्त्री, ते घेतलं की कुणीही वाट दाखवायचं. मी लहानपणापासून तिथेच पाना-पक्कड देत वाढले आणि सतराव्या वर्षापर्यंत मला इंजिन उतरवून परत बसवता येत होतं. पण ते ‘येतं’ म्हणून कुणी धरत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की आप्पा म्हणायचे, ‘‘वैजे, आत जा, खुर्चीवर बस.’’

सुभेदार शिंत्रे निवृत्त होऊन गावी आलेले. फौजेत असताना निरोप पोचवायच्या मोटरसायकली त्यांनी कुठल्या कुठल्या डोंगरांतून नेल्या होत्या. एक दिवस ते आपली जुनी राजदूत घेऊन आले आणि आप्पांना म्हणाले, ‘‘सीट काढून टाका, दिवे काढा, चेनचं मागचं स्प्रॉकेट मोठं बसवा. पळायला नको मला ही, चढायला पाहिजे.’’ आप्पांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. गाडी बनवून झाली आणि सुभेदारांनी चाकांतली अर्धी हवा सोडून दिली, तेव्हा तर आप्पांची खात्रीच पटली.

‘‘हवा कमी असली की टायर दगडाला चिकटतो,’’ सुभेदार मला म्हणाले. गॅरेजात प्रश्न विचारणारी मी एकटीच होते.

मग ते गॅरेजमागच्या पडीक जागेत विटांच्या दोन ओळींमधून गाडी चालवायला लागले. पायी चालणाऱ्यापेक्षाही हळू. उभे, ताठ, गुडघ्यांत जरासे वाकलेले, आणि पाय एकदाही खाली नाही. मी कुंपणाला टेकून ते तासभर बघत राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस गाडीवर बसतच नाही. उभा राहतो. आणि जमिनीला त्याचं काही देणंघेणं नाही.

पुढच्या महिन्यात आप्पा एका लग्नाला सांगलीला गेले. गॅरेजात एक भंगारातली राजदूत पडून होती. तिचं डावं फूटरेस्ट मी कापलं, दोन इंच वर घेतलं आणि गॅसने जोडलं. मग गाडी स्टँडवर लावून तिच्यावर चढले आणि हँडल धरून उभी राहिले. तेरा वर्षांत पहिल्यांदा माझे दोन्ही खांदे एका रेषेत आले. समोरच्या काचेच्या कपाटात मी मला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रडले, आणि रडून झाल्यावर वेल्डिंगवरचा मळ घासून काढला.

आप्पा आले. त्यांनी फूटरेस्ट बघितलं, जोडावरून अंगठा फिरवला. त्यांना सगळं समजलं होतं.

‘‘जोड बरा हाय,’’ एवढंच म्हणाले.

सुभेदारांनी मला शिकवलं, पण चालवायला नंतर. पहिला आठवडा फक्त पडायचं आणि गाडी उचलायची. ‘‘आधी पेट्रोलचा कॉक बंद. हँडल पूर्ण वळवून घे. गाडीकडे पाठ कर, खाली बस, आणि मांड्यांनी उठ. कंबरेनं उचललंस तर वर्षभर झोपून राहशील.’’ मी त्या पडीक जागेत दिवसाला वीस वेळा गाडी आडवी केली आणि वीस वेळा उभी केली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, ‘‘आता क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा बोल्ट अर्धा आटा ढिला ठेव. पडल्यावर लिव्हर फिरली पाहिजे. घट्ट असली तर मोडते.’’

माझी अडचण त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखली होती. तोल गेला तर बाकीचे पाय टेकवतात, एक गुण बसतो, पुढे जातात. माझा उजवा पाय टेकायचा. डावा पोचायचाच नाही. म्हणजे उजवीकडे गेले तर एक, आणि डावीकडे गेले तर थेट जमीन.

‘‘मग डावीकडे जाऊ नकोस,’’ सुभेदार म्हणाले. सहानुभूती म्हणून त्यांच्याकडे एवढंच होतं. मला ते फार आवडायचे.

ट्रायल्स जाहीर झाल्या त्याच सुमारास आप्पांनी टेलिफोन बूथचा फॉर्म आणला. त्या काळात एसटीडीचे बूथ अपंगांना आधी मिळायचे. गॅरेजच्या दर्शनी कोपऱ्यात त्यांनी चौथरा बांधून घेतला, वर पत्रा घातला, पिवळा रंगसुद्धा आणून ठेवला. माझी फक्त सही राहिली होती.

‘‘सावलीत बसायचं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘लोक येतील, फोन करतील, जातील. उठायला लागणार न्हाई.’’

‘‘मला उठायचंच आहे आप्पा. मी गॅरेज बघतो.’’ आमच्याकडे पोरीही ‘मी बघतो, मी येतो’ असंच बोलतात.

‘‘खुळी हाईस का? गाडी अंगावर आली तर? कोण धरंल तुला?’’

‘‘कुणी धरायचं न्हाई.’’

आई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘एकदा काय ते ठरवून टाका. रोजची कटकट नको.’’

मग ठरलं. आप्पांनीच ठरवलं, रागाच्या भरात. ‘‘त्या खणीतनं कुणाचा हात न लागता बाहेर येऊन दाव. मग मी बस म्हणणार न्हाई. लागला हात, तर फारमावर सही.’’

‘‘दावतो,’’ मी म्हणाले.

पण खणीवर आयोजकांनी माझी चाल बघितली आणि त्यांची तोंडं बारीक झाली. त्यांचं म्हणणं, डाव्या बाजूला घरचा एक माणूस उभा ठेवा, नाहीतर आम्ही तुम्हाला उतरवणार नाही. गाडीच्या बाजूने चालत राहायचं आणि वेळ आली तर धरायचं, अशा माणसाची नियमात सोय होती. फक्त त्याने हात लावला की पाच. सोबत आप्पाच आले होते. तेच उभे राहिले. पहिले चार सेक्शन मी त्यांना कोपराने ढकलावं इतक्या जवळ घेऊन चालवले. दोनदा उजवा पाय टेकला, म्हणजे दोन गुण बसले. हात लागला नाही. पाचव्याला लागला.

सहावा कसाबसा उरकला आणि दुपारची सुट्टी झाली. आम्ही टेम्पोच्या सावलीत बसलो. आईने बांधून दिलेली भाकरी आणि खर्डा होता. मी खाल्लं नाही, गाडी तपासायला घेतली. प्लग काढून पुसला, चाकांचे आरे एकेक करून बोटाने वाजवून बघितले, मागच्या टायरची हवा अंगठ्याने दाबून बघितली. क्लचच्या लिव्हरला हात घातला आणि माझं टाळकं फिरलं. लिव्हर हलत नव्हती.

‘‘हे कुणी आवळलं?’’

‘‘मी,’’ आप्पा म्हणाले. ‘‘ढिली होती. सकाळी निघताना बघितलं.’’

‘‘ढिली मीच ठेवली होती.’’

‘‘ढिली गाडी रस्त्यावर आणत असत्यात व्हय? तीस वर्सं झाली मला पाना धरून.’’

‘‘घट्ट केलं की पडल्यावर मोडतं आप्पा. ढिलं ठेवलं की फिरतं आणि परत जागेवर आणता येतं. सुभेदारांनी सांगितलंय.’’

‘‘पडलं तर ना? तू पडायचीच तयारी करून आलीस काय?’’

‘‘व्हय. पडायचीच तयारी करून आलो.’’

मी दहाचा पाना घेतला आणि बोल्ट अर्धा आटा ढिला केला. आप्पा बघत होते. तीस वर्षांच्या मिस्त्रीला समोर कुणी बोल्ट ढिला करताना बघवत नाही, त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

‘‘हात लागला,’’ ते म्हणाले. ‘‘ठरलं होतं तसं हात लागला वैजे. आता सही कर म्हणजे झालं.’’

‘‘तो तुमचा हात होता.’’

‘‘हात तो हात.’’

‘‘मी बोलावला नव्हता. तुम्हीच पैज लावायची आणि तुम्हीच हात घालायचा? असली पैज कुठं असती?’’ माझा आवाज चढला. पलीकडच्या टेम्पोतली माणसं वळून बघायला लागली. ‘‘पाचवा सेक्शन अजून एकदा आहे. तेवढा सोडा मला. मग काय पाहिजे त्या कागदावर सही करतो.’’

आप्पांनी भाकरी कागदात गुंडाळून ठेवली. खणीच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले, ‘‘तवा हात पोचला न्हाई.’’

ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून मीही इथवर सांगितली नाही. आठव्या वर्षी माझा पाय ज्या गाडीखाली सापडला, ती गाडी आप्पा चालवत होते. मी मागे बसले होते. रस्त्यावर खडी पडली होती, चाक घसरलं, गाडी डावीकडे गेली. आप्पांनी हँडल सोडून मागे हात टाकला होता. मला आठवतो तो हात. माझ्या फ्रॉकला लागला आणि सुटला.

तेरा वर्षांत ते त्या दिवसाविषयी एक शब्द बोलले नव्हते. मीही नाही. आता बोलले, आणि मला वाटलं होतं तसं मला काही वाटलं नाही. दया आली, माया आली, पण त्याहून राग जास्त आला.

‘‘तेव्हा पोचला नाही, म्हणून आता रोज पोचवताय,’’ मी म्हणाले. ‘‘त्या एका दिवसाची भरपाई मी किती दिवस करायची आप्पा? जन्मभर? बूथमध्ये बसून?’’

आयोजकांपैकी एक जण पाण्याची बाटली घेऊन आमच्याकडे आला. त्याने भांडण ऐकलं असावं. म्हणाला, ‘‘काका, तुम्हाला त्रास होत असेल तर दुसऱ्या फेरीला डाव्या बाजूला आमचा एखादा माणूस देऊ का?’’

‘‘नको,’’ मीच म्हणाले. ‘‘हेच उभे राहतील.’’

तो गेल्यावर आप्पा म्हणाले, ‘‘दुसरा माणूस बरा होता की तुला. त्यानं धरलं नसतं.’’

‘‘दुसऱ्याने धरलं नाही तर त्यात काय? तुम्ही धरायचं नाही. तुम्ही.’’

दुसरी फेरी तीनच्या सुमाराला सुरू झाली. पहिले चार सेक्शन पार पडले. ते डावीकडून चालत होते, मी वरून बघत होते, बस. एक गुण बसला, तिसऱ्या सेक्शनला.

पाचवा सेक्शन म्हणजे जुन्या कामगारांनी दगड काढून काढून तयार झालेल्या तीन ओबडधोबड पायऱ्या. पहिलीला जोर लागत नाही. दुसरीच्या आधी एक वळण आहे, तिथे भिंतीतून पाणी झिरपतं आणि दगड शेवाळलेला असतो. तिसरी गुडघाभर उंच, आणि तिच्या डाव्या बाजूला दगड संपतो. खाली पुरुषभर खड्डा नाही, पण पडणाऱ्याला पुरेल एवढा आहे.

मी आधी सेक्शन पायी चालून घेतला. तशी पद्धतच आहे. प्रत्येक जण चालून बघतो, कुठल्या दगडावर चाक ठेवायचं ते ठरवतो. मी लंगडत चढत होते तेव्हा वरून एक पोरगा म्हणाला, ‘‘ताई, पायाला लागलं का?’’ मी म्हणाले, ‘‘लागलं, तेरा वर्षं झाली.’’

सुभेदारांनी शिट्टी वाजवली.

पहिली पायरी चढले. वळणावर मागचं चाक शेवाळावर सरकलं, मी उजवा पाय टेकवला, गाडी सावरली. ‘‘एक,’’ सुभेदारांचा आवाज. क्लच सोडला, थोडी रेस दिली, दुसरी पायरी चढले. आता समोर तिसरी. गुडघे वाकवले, पुढचं चाक हलकं केलं, ते वर गेलं. मागचं चाक पायरीच्या कडेला भिडलं आणि तिथेच अडून फिरायला लागलं. गाडी डावीकडे झुकली.

मी उजव्या पायावर सगळं वजन टाकलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून आप्पा दिसत होते, हातभर अंतरावर. त्यांचे हात मला दिसत नव्हते.

सकाळी जो क्षण मला मिळाला नव्हता तो आता मिळाला. पूर्ण मिळाला. पुरला नाही.

डावा पाय आपोआप खाली गेला, जमीन शोधायला. जमीन दोन इंच खाली होती. मग खांदा, मग हेल्मेट, आणि वरून राजदूत.

धूळ बसली तेव्हा मी कुशीवर पडले होते आणि गाडी माझ्या डाव्या पायावर होती. त्याच पायावर. हँडल एका धोंड्यावर टेकलं होतं म्हणून पूर्ण भार नव्हता, पण पाय अडकला होता. काठावरचे लोक एकदम उठले. दगड घरंगळत खाली यायला लागले, चार-पाच जण धावत निघाले, एका बाईने किंकाळी फोडली.

‘‘थांबा!’’

आवाज एवढा मोठा होता की खणीच्या भिंतीवरून तो परत आला. मी आप्पांना गिऱ्हाइकावर ओरडताना ऐकलं होतं, पण असं कधीच नाही.

‘‘थांबा तिथंच! कुनी हात लावायचा न्हाई तिला!’’

माणसं होती तिथे थांबली. आप्पा माझ्यापासून दोन पावलांवर उभे होते. हात पाठीमागे. चेहरा सिमेंटसारखा झाला होता.

‘‘निघतोय का पाय?’’

‘‘थांबा, बघतो.’’ मी पाय हलवला. घोट्याला कळ गेली. बोटं हलली. ‘‘निघतोय.’’

‘‘काढ मग,’’ ते म्हणाले.

मी उजव्या पायाने टाकीला रेटा दिला आणि डावा पाय ओढून घेतला. चड्डीपर्यंत पँट फाटली होती, गुडघ्यातून रक्त येत होतं. हाड शाबूत होतं. पेट्रोलचा कॉक बंद केला. हँडल पूर्ण वळवलं. गाडीकडे पाठ केली, खाली बसले आणि मांड्यांनी उठले. पहिल्यांदा जमलं नाही, धोंड्यावरून पाय सरकला. लोकांतून ‘‘अरे अरे’’ असा आवाज आला. आप्पांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तो आवाज बंद झाला. दुसऱ्यांदा गाडी उठली.

क्लचची लिव्हर फिरून खाली गेली होती. मी तळहाताने धक्का देऊन ती जागेवर आणली. आप्पा बघत होते. इंजिनात पेट्रोल भरलं होतं, म्हणून कॉक बंदच ठेवून, रेस पूर्ण उघडून किक मारत राहिले. सातव्या किकला धूर ओकत ती सुरू झाली. मग कॉक उघडला. सुभेदार म्हणाले, ‘‘पाच. बाहेर व्हा, मागचा थांबलाय.’’ एक शब्द जास्त नाही.

तिसरी पायरी मी त्या दिवशी चढले नाही. बाजूच्या उतारावरून, उजवा पाय आपटत आपटत, दिसायला अगदी भिकार अशी मी खणीच्या बाहेर आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बहुतेक वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळलं नसावं. सहावा सेक्शन मी फाटक्या पँटीने चालवला आणि त्यात एकही गुण बसला नाही, पण तो आता कुणाला आठवत नाही, मलाही फारसा नाही. एकूण अठरा जणांत माझा नंबर चौदावा आला. माझ्यामागे चार जण होते, चौघांचेही दोन्ही पाय सारखे होते.

सुभेदारांनी कार्ड माझ्या हातात दिलं. पाचव्या सेक्शनच्या रकान्यात सकाळचा पाच होता आणि त्याच्या शेजारी दुपारचा पाच. दोन्ही त्याच सुरेख अक्षरात. बघणाऱ्याला फरक कळला नसता.

आप्पांनी टेम्पोच्या मागच्या बाजूला फळी लावली. मी गाडी चढवली, दोर बांधला. त्यांनी दोराला हात लावला नाही, पण गाठ बघितली. माझ्या हातातलं कार्ड घेऊन लांब धरलं, चष्मा नव्हता.

‘‘शेवटी पाचच की,’’ ते म्हणाले.

‘‘सकाळचे पाच तुमचे आहेत,’’ मी म्हणाले. ‘‘दुपारचे माझे. ते कुणाला देणार नाही मी.’’

त्यांनी मान हलवली. टेम्पो सुरू झाला, आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. वडगावच्या चौकात येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

‘‘चौथरा बांधलाय आता,’’ म्हणाले. ‘‘रिकामा दिसंल.’’

‘‘त्याच्यावर हवेचा कॉम्प्रेसर बसवू. आतल्या कोपऱ्यात त्याला जागा पुरत नाही.’’

‘‘आणि तो पिवळा रंग?’’

‘‘कॉम्प्रेसरला देऊ.’’

‘‘देऊ,’’ आप्पा म्हणाले.

कॉम्प्रेसर अजून तिथेच आहे. तिसरा आहे हा, पण पिवळाच. पुढे मी तिसरी पायरीही चढले, दोन वर्षांनी, आणि नंतर त्याच खणीत किती तरी जणांना शिकवलं. त्यातल्या प्रत्येकाला पहिला आठवडा नुसतं पडायला लावते, त्यांच्या आया मला शिव्या देतात. पण लिहायला बसले की मला टेम्पोत त्यानंतर घडलं तेच आठवतं.

चौक ओलांडल्यावर आप्पांनी तपकिरीची डबी काढायला हात वर केला आणि शर्टाची बाही मागे गेली. डाव्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. काळेनिळे, खोल. अंगठ्याच्या जागी नख रुतून कातडी निघाली होती.

‘‘हे काय झालं हाताला?’’ मी विचारलं.

आप्पांनी बाही खाली ओढली.

‘‘काय न्हाई,’’ म्हणाले. ‘‘तू पडलीस तवा धरून ठेवलावता.’’